वॉर्डात नवीन आहात? लक्षणं, आजार आणि औषधं एकाच वहीत लिहा

शिक्षण संपवून पहिल्यांदा वॉर्डात एकटं उभं राहिलं की बहुतेक सगळ्यांचं सारखंच होतं. परीक्षेत हार्ट फेल्युअरवर चार पानं लिहिलेली असतात, आणि समोरचा पेशंट फक्त "सिस्टर, कसंतरीच होतंय हो" एवढं म्हणतो की आपलं डोकं कोरं. पुस्तकात आधी आजाराचं नाव आणि त्याखाली लक्षणं असतात. वॉर्डात सगळं उलटं, आधी लक्षण येतं, नाव मागाहून कळतं, कधीकधी ड्युटी संपेपर्यंत कळतच नाही.

मी नवीन होते तेव्हा माझ्याकडे तीन वह्या होत्या. एक लक्षणांची, एक आजारांची, एक औषधांची. छान रंगीत पेनांनी लिहिलेल्या, आणि ऐन वेळी एकही कामाला आली नाही, कारण पेशंट काही तीन वह्यांत वाटून येत नाही ना. त्याचा आजार, त्याचा त्रास आणि आपण सकाळी दिलेली गोळी हे सगळं एकाच अंगात चालू असतं. म्हणून एकच सवय लावून घ्या, कुठलंही लक्षण दिसलं की दोन प्रश्न विचारायचे: हे काल होतं का? आणि हे आजाराने झालंय की मी दिलेल्या औषधाने? खालचं सगळं या दोन प्रश्नांभोवतीच आहे.

एक सांगून ठेवते, यातले आकडे मोठ्या माणसांचे आहेत आणि समजून घेण्यासाठी आहेत. औषध देताना लेखी ऑर्डर आणि तुमच्या हॉस्पिटलचा प्रोटोकॉलच चालणार, "वाचलं होतं कुठेतरी" हे चालणार नाही. लहान मुलांचं आणि गरोदर बायकांचं गणित तर पूर्ण वेगळं असतं.

पायरी १: ओव्हर घेतली की आधी माणूस बघा, मशीन नंतर

ओव्हर (आधीच्या ड्युटीकडून पेशंटांचा ताबा घेणं) झाल्या झाल्या प्रत्येक बेडच्या पायथ्याशी अर्धा मिनिट उभं राहा. काही हातात घेऊ नका. पेशंट कसा बसलाय, उशीला टेकून आरामात की पुढे वाकून दोन्ही हात गादीवर रोवून? बोलताना पूर्ण वाक्य एका दमात येतंय की दोन शब्दांनी थांबतोय? ओठांचा रंग काय? मग हात हातात घ्या, नाव विचारा. कोरडा ऊबदार हात आणि नीट उत्तर म्हणजे निम्मी काळजी मिटली. गार, ओलसर, चिकट हात लागला तर मॉनिटरवर काहीही दिसू दे, त्या बेडवरून हलायचं नाही.

हा अर्धा मिनिट का, तर तुमचा "काल" इथे तयार होतो. दुपारी तीनला कुणी विचारलं की हे आजोबा आधीपासूनच असं असंबद्ध बोलतात का, तर उत्तर तुमच्याकडे पाहिजे. नातेवाईकांना विचारायला लाजू नका, "नेहमी असेच असतात का हो हे?" या एका वाक्याने मला जितकं कळलंय तितकं कुठल्या रिपोर्टने कळलेलं नाही.

पायरी २: व्हायटल्स, आणि त्यात श्वास आधी

नॉर्मल आकडे तुम्हाला पाठ असतीलच. नाडी मिनिटाला ६० ते १००, श्वास १२ ते २०, बीपी साधारण १२० बाय ८० च्या आसपास, ऑक्सिजन ९५ च्या वर, आणि ३८ सेल्सियस म्हणजे १००.४ फॅरनहाइट झालं की ताप म्हणायचा.

यात सगळ्यात जास्त खोटा लिहिला जाणारा आकडा कुठला? श्वास. मी पण लिहिलाय. नवीन असताना वीस बेड, हातात घड्याळ, आणि चार्टवर सगळ्यांचा श्वास २०, २०, २०, कारण वरच्या ड्युटीने पण २० लिहिलेला. त्यातल्याच एका पेशंटचं पहाटे एकदम बिघडलं आणि सीनियर सिस्टरने चार्ट हातात घेऊन फक्त एवढंच विचारलं, "हा २० कुणी मोजला?" मी गप्प. त्याची नाडी आणि बीपी रात्रभर बरे दिसत होते, श्वास कदाचित मध्यरात्रीपासून वाढत गेला असेल, पण कुणी मोजलाच नव्हता तर कळणार कसं. शरीर बिघडायला लागलं की श्वास बऱ्याचदा आधी बदलतो, बीपी खूप वेळ तग धरतं आणि मग धाडकन पडतं. म्हणून पूर्ण एक मिनिट मोजा, आणि सांगून मोजू नका, सांगितलं की माणूस श्वास बदलतो. नाडी धरल्यासारखा हात धरून ठेवायचा आणि नजर छातीवर.

ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२ मध्ये पेशंट किती बिघडतोय ते व्हायटल्सवरून मोजणारा न्यूज नावाचा स्कोअर काढला, २०१७ मध्ये तो सुधारला. त्यात श्वास २५ किंवा जास्त असेल तर त्या एकट्याला ३ मार्क, आणि सुधारलेल्या स्कोअरमध्ये नव्यानेच गोंधळलेल्या पेशंटला पण ३ मार्क. शब्द बघा, "नव्याने". एकूण ५ झाले तर लगेच डॉक्टर, ७ म्हणजे इमर्जन्सी. तुमच्याकडे हा तक्ता वापरत नसतील तरी एकदा बघून ठेवा, कुठल्या बदलाला किती घाबरायचं ते कळतं.

बाकी थोडक्यात. बीपीचा पट्टा दंडाला लहान पडला तर बीपी खोटंच जास्त येतं, आणि दंड हृदयाच्या लेव्हलला पाहिजे. ऑक्सिमीटर गार बोटावर आणि नेलपॉलिशवर फसतो, सावळ्या त्वचेवर थोडा जास्त आकडा दाखवू शकतो, आणि धुरात अडकलेल्या माणसाला कार्बन मोनॉक्साइड चढलेला असेल तर तो मस्त ९९ दाखवेल आणि पेशंट मरायला टेकलेला असेल. आकडा आणि माणूस जुळत नसेल तर माणसावर विश्वास ठेवा.

पायरी ३: त्रास नीट विचारा, पेशंटच्या भाषेत

"कुठे दुखतंय" एवढ्यावर थांबू नका. कधी सुरू झालं, अचानक की हळूहळू, काय केल्यावर वाढतं, कशाने कमी होतं, कुठे सरकतं का, दहापैकी किती, आणि आधी कधी असं झालं होतं का. आपल्याकडचे शब्द पण ओळखायला शिका. "जीव घाबरा होतोय" म्हणजे धडधड असू शकते, दम असू शकतो, शुगर पडलेली असू शकते आणि हार्ट अटॅकही असू शकतो. "चक्कर येते" म्हणणाऱ्याला विचारा, घर गोल फिरतं की डोळ्यापुढे अंधारी येते? पहिल्यात कानाकडे लक्ष जातं, दुसऱ्यात बीपीकडे, आणि मग लगेच चार्टवर बघायचं की बीपीची किंवा लघवीची गोळी सुरू किंवा वाढवली आहे का. "गॅस झालाय" हा शब्द मात्र कधीही जसाच्या तसा मान्य करू नका, का ते खाली येतं.

पायरी ४: वारंवार दिसणारी लक्षणं

दम लागणे. आधी पेशंटला उठवून बसवा, मग विचार करा. ऑक्सिजन बघा, डॉक्टरला कळवा आणि कळवता कळवता खुणा गोळा करा. आडवं झालं की दम वाढतो, पाय सुजलेत, खोकताना फेसाळ गुलाबी थुंकी येतेय, तर फुप्फुसात पाणी भरतंय. अशा वेळी पहिलं काम म्हणजे वर बघणे, सलाईन किती वेगाने चाललंय? हृदय किंवा किडनी कमजोर असलेल्या माणसाला आपणच भराभर सलाईन देऊन बुडवलेलं असू शकतं. दम्याच्या पेशंटच्या छातीत शिट्टी वाजते हे माहीत असतं, पण आधी जोरात वाजणारी शिट्टी एकदम बंद झाली आणि पेशंट मलूल झाला तर ती सुधारणा नाही, हवाच आत जात नाहीये, धावायची वेळ आहे. ऑपरेशननंतर किंवा खूप दिवस पडून असलेल्याला अचानक दम लागला, छातीत टोचलं, एक पोटरी सुजलेली, तर रक्ताची गुठळी फुप्फुसात गेली असेल हे मनात आणा. आणि जुन्या सीओपीडीवाल्यांना (श्वासनळ्या कायमच्या आकसलेल्या फुप्फुसांचा आजार) ऑक्सिजन ९९ करायच्या नादात फुल सोडू नका, त्यांचं टार्गेट बहुतेक वेळा ८८ ते ९२ असतं, त्यापेक्षा जास्त दिला तर कार्बन डायऑक्साइड साचून पेशंट झोपाळू होत जातो आणि आपल्याला वाटतं वा, शांत झोप लागली. "घाबरल्यामुळे दम लागतोय" हे निदान सगळ्यात शेवटी, बाकी सगळं बघून झाल्यावर.

छातीत दुखणे. ईसीजी १० मिनिटांच्या आत निघाला पाहिजे, हे बहुतेक सगळीकडे मान्य झालेलं टार्गेट आहे. छातीवर दगड ठेवल्यासारखं, डाव्या हातात किंवा जबड्यात जाणारं दुखणं, दरदरून घाम हे क्लासिक. पण डायबेटिसवाले, म्हातारी माणसं आणि बायका यांच्यात छाती दुखेलच असं नाही, नुसती मळमळ, दम, थकवा, जबडा दुखणं किंवा "गॅस झालाय" एवढंच असू शकतं. म्हणून त्या शब्दावर विश्वास नाही ठेवायचा. नायट्रेटची जिभेखालची गोळी द्यायच्या आधी बीपी बघा, वरचं बीपी ९० च्या खाली असेल तर देऊ नका, लगेच विचारा. आणि पुरुषांना (बायकांनाही, फुप्फुसातलं प्रेशर वाढलं की हीच औषधं देतात) विचारा की सिल्डेनाफिल गेल्या २४ तासांत किंवा टाडालाफिल गेल्या ४८ तासांत घेतलंय का (दोन्ही पुरुषांच्या लैंगिक त्रासावरची औषधं), यातलं एखादं आणि नायट्रेट एकत्र आलं तर बीपी जीवघेणं पडतं. हा प्रश्न बायकोमुलांसमोर विचारलात तर उत्तर "नाही" असंच येणार, सगळ्यांना दोन मिनिटं बाहेर पाठवा आणि मग विचारा.

शुगर कमी होणे. यावर मी जरा जास्त बोलणार आहे कारण हे आपल्या हाताने होतं आणि आपल्याच हाताने थोड्या वेळात सुधारतं. ७० च्या खाली शुगर म्हणजे कमी. थरथर, घाम, धडधड, भूक, मग चिडचिड, गोंधळ, असंबद्ध बोलणं, शेवटी बेशुद्धी किंवा झटका. शुद्धीत असून गिळता येत असेल तर १५ ग्रॅम ग्लुकोज तोंडाने, १५ मिनिटांनी परत तपासायची, अजून कमी असेल तर परत १५ ग्रॅम. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, शिरेतून डेक्स्ट्रोज, आणि शीर मिळत नसेल तर ग्लुकागॉन.

आता औषधांच्या वहीतलं पान इथे जोडा. पेशंट मेटोप्रोलॉल किंवा प्रोप्रानोलॉलसारखा बीटा ब्लॉकर (हृदयाची गती कमी करणारं औषध) घेत असेल तर थरथर आणि धडधड झाकली जाते, घाम मात्र येतो. एका रात्री एक काकू नुसत्या घामाने भिजल्या होत्या, पंखा वाढवा म्हणत होत्या, नाडी ७०, हात स्थिर. पंखा वाढवून पुढे जाणारच होते, पण उशी ओली लागली म्हणून शुगर केली, ४६ निघाली. डायबेटिससाठी अकार्बोज घेणाऱ्याला साधी साखर लवकर लागू पडत नाही कारण ते औषध साखर फुटूच देत नाही, तिथे ग्लुकोजच पाहिजे. ग्लिमेपिराइडसारख्या डायबेटिसच्या गोळ्यांनी पडलेली शुगर एकदा वर आली तरी काही तासांनी परत पडू शकते, विशेषतः किडनी खराब असेल तर, म्हणून एकदा १२० आली की सुटलो असं नाही. आणि सगळ्यात नेहमीचा घोळ म्हणजे सकाळी तपासणीसाठी उपाशी ठेवलेल्या पेशंटला नेहमीचं इन्सुलिन देऊन टाकणे. ट्रे हातात घेतला की आधी विचारा, खाणार आहे का हा आता?

बोलणं अडखळणे, तोंड वाकडं होणे, एक हात पडणे. स्ट्रोक समजून चाला. पण शुगर लगेच करा, कमी शुगर हुबेहूब स्ट्रोकसारखी दिसते. तोंडाने पाणीसुद्धा द्यायचं नाही, गिळता येतं का ते तपासेपर्यंत. आणि एक वेळ लिहून ठेवा, लक्षण दिसलं ती नाही, तर शेवटचा पूर्ण बरा कधी होता ती. गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनची मुदत साधारण साडेचार तासांची असते आणि ती त्या वेळेपासून मोजतात. सकाळी उठल्यावर हात पडलेला दिसला तर घड्याळ रात्री झोपण्यापासून चालू.

ताप. ताप किती यापेक्षा कुणाला आला हे महत्त्वाचं. केमो चालू असलेल्याला ३८ आला तर ती इमर्जन्सी, "पॅरासिटामॉल देऊन बघू" नाही. म्हाताऱ्या माणसांना आणि स्टिरॉइड घेणाऱ्यांना गंभीर इन्फेक्शन असूनही कधीकधी ताप येत नाही, त्यांच्यात नवीन गोंधळ, वाढलेला श्वास आणि पडत चाललेलं बीपी हाच ताप समजा. रक्त चढत असताना थंडी वाजली, ताप एक डिग्रीने वाढला, कंबर दुखायला लागली की पहिलं काम रक्त बंद करणे. डॉक्टरला फोन नंतर. शिरेतली सुई तशीच ठेवायची, नवीन सेटने नॉर्मल सलाईन, आणि पिशवीवरचं नाव-नंबर परत जुळवायचं. म्हणूनच पहिली १५ मिनिटं त्या बेडपाशी थांबायचं असतं.

उलटी, संडास, लघवी. यात रंग बघायचा, किळस करून चालत नाही. कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी म्हणजे पोटात रक्त. काळी संडास म्हणजे रक्त असू शकतं किंवा लोहाची गोळी, फरक असा की रक्ताची डांबरासारखी चिकट आणि भयंकर वासाची असते, लोहाची नुसती काळपट. तरी शंका असेल तर कळवा. केशरी लघवी बघून पेशंट घाबरतो, आधी बघा टीबीचं रिफाम्पिसिन चालू आहे का. लघवी तासाला वजनाच्या किलोमागे अर्धा मिली तरी हवी, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ३० मिली. कमी दिसली तर आधी नळी मुडपलीय का, पेशंट तिच्यावर झोपलाय का ते बघा, नाहीतर मध्यरात्री डॉक्टरला उठवून युरोबॅगची नळी सरळ करायची वेळ येते. (आलेली आहे.)

पायरी ५: औषध देण्याआधी एक गोष्ट बघा, दिल्यावर एक

सगळी औषधं पाठ होत नाहीत, करूही नका. तुमच्या वॉर्डात रोज जाणारी पंधरा-वीस औषधं घ्या आणि प्रत्येकासमोर दोनच गोष्टी लिहा, देण्याआधी काय बघायचं आणि दिल्यावर काय शोधायचं.

नमुना म्हणून हृदयाचं औषध डिगॉक्सिन. आधी स्टेथोस्कोपने छातीवर पूर्ण मिनिट नाडी मोजायची, ६० च्या खाली असेल तर थांबवून विचारायचं. नंतर शोधायचं ते मळमळ, भूक जाणे, सगळं पिवळसर दिसणे. आणि फ्युरोसेमाइड (लघवी वाढवणारं औषध) सोबत असेल तर पोटॅशियम कमी होऊन डिगॉक्सिनचं विष लवकर चढतं. फ्युरोसेमाइड स्वतः द्यायच्या आधी बीपी आणि पोटॅशियम, नंतर लघवी आणि रोजचं वजन, शिरेतून देताना हळू, भसकन दिलं तर कानावर परिणाम होतो.

रक्त पातळ ठेवणाऱ्या वॉरफेरिनला आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याची तपासणी) बघायचा, बहुतेकांना २ ते ३ मध्ये हवा असतो, आणि हिरड्या, लघवी, निळे डाग शोधायचे. मॉर्फिनसारख्या औषधांना आधी श्वास आणि गुंगी. गुंगी आधी वाढते, श्वास नंतर पडतो, त्यामुळे हाक मारल्यावर पेशंट अर्धवट उत्तर देऊन परत झोपत असेल तर पुढचा डोस देण्याआधी थांबा, नॅलॉक्सोन (मॉर्फिनचा उतारा) कुठल्या कप्प्यात आहे ते आजच बघून ठेवा. पॅरासिटामॉल सगळ्यात साधं वाटतं पण दिवसाला ४ ग्रॅमच्या वर नाही, बारीक किंवा लिव्हर खराब असलेल्यांना त्याहून कमी, आणि ते सर्दीच्या, अंगदुखीच्या कितीतरी मिश्र गोळ्यांत लपलेलं असतं. व्हॅन्कोमायसिन हे अँटिबायोटिक कमीत कमी एक तास चालवायचं, घाईत सोडलं तर चेहरा आणि मान लालबुंद होते आणि खाज सुटते.

अँटिबायोटिकच्या आधी अ‍ॅलर्जी प्रत्येक वेळी विचारा, केसपेपरवर लिहिलेलं असलं तरी. अंगावर गांधी, ओठ सुजले, आवाज बदलला, दम, बीपी पडलं, तर औषध बंद आणि अ‍ॅड्रेनालिन मांडीच्या बाहेरच्या बाजूला मधोमध स्नायूत, मोठ्या माणसाला ०.५ मिलिग्रॅम, गरज पडली तर ५ मिनिटांनी परत. एव्हिल आणि हायड्रोकॉर्टिसोन आधी शोधत बसणारे खूप बघितलेत. ती नंतरची औषधं आहेत, जीव अ‍ॅड्रेनालिन वाचवतं.

आता तो दुसरा प्रश्न, आजार की औषध? काही जोड्या डोक्यात बसवा. नवीन कोरडा खोकला आणि रामिप्रिल किंवा एनालाप्रिल चालू. घोट्याला सूज आणि अ‍ॅम्लोडिपिन चालू. हात थरथरतात, धडधडतं आणि नुकतंच साल्ब्युटामॉलचं नेब्युलायझेशन झालंय. शुगर अचानक ३०० आणि स्टिरॉइड सुरू होऊन दोन दिवस झालेत. उलटीसाठी मेटोक्लोप्रामाइड दिल्यावर तरुण मुलीची मान एका बाजूला वळली, डोळे वर गेले, जबडा आवळला, घरचे म्हणतात फिट आली, शेजारचा म्हणतो नाटक करतेय. ती शुद्धीत असते, सगळं ऐकत असते आणि भयंकर घाबरलेली असते. औषधाचा परिणाम आहे, योग्य इंजेक्शनने थोड्या वेळात उतरतो, पण ओळखणारं कुणीतरी पाहिजे. आणि हो, जोडी जुळली म्हणून औषध आपल्या मनाने बंद करायचं नाही, कळवायचं.

पायरी ६: चुका कुठे होतात

योग्य पेशंट, औषध, डोस, मार्ग, वेळ हे पाच घोकलेले असतात. पण चुका घोकंपट्टीत नाही, अक्षरात आणि सिरिंजमध्ये होतात.

५.० असं लिहू नका, पुसट टिंब गेलं की ५० होतं. .५ पण नको, ०.५ लिहा. इंग्रजीत युनिटसाठी नुसतं "यू" अक्षर लिहिलं तर ते शून्य वाटतं आणि ४ युनिटचं ४० होतं, पूर्ण शब्द लिहा. डोपामिन आणि डोब्युटामिन शेजारी ठेवू नका, नावं सारखी दिसतात.

इन्सुलिनची बाटली हातात घेतली की मिलीमध्ये ४० युनिट आहे की १०० ते वाचा, आणि सिरिंज त्याचीच घ्या, ४० वाल्या सिरिंजचं टोपण साधारण लाल, १०० वाल्याचं केशरी. समजा १०० ची बाटली आहे आणि ४० ची सिरिंज घेऊन २० च्या रेघेपर्यंत भरलं, तर ते अर्धा मिली झालं, म्हणजे पेशंटला २० नाही, ५० युनिट गेले. एकदा पाणी भरून दोन्ही सिरिंज शेजारी धरून बघा, रेघा कशा फसवतात ते डोळ्याला दिसतं आणि मग विसरायला होत नाही. दोन इन्सुलिन मिसळायची असतील तर आधी स्वच्छ, मग गढूळ, आणि ग्लार्जिन कशातच मिसळायचं नाही.

पोटॅशियम क्लोराइड कधीही, कुणीही सांगितलं तरी, थेट शिरेत पुश करायचं नाही. हृदय बंद पडतं. पातळ करून, पिशवी नीट हलवून, हातातल्या शिरेतून साधारण तासाला १० मिलिइक्विव्हॅलंटच्या आत, आणि आधी लघवी होतेय ना ते बघून.

थेंबांचं गणित एकदा हाताने करून बघा. ५०० मिली ८ तासांत द्यायचंय, सेटच्या पाकिटावर मिलीला २० थेंब लिहिलंय. ५०० गुणिले २०, भागिले ४८० मिनिटं, म्हणजे मिनिटाला २१ थेंब. पाकीट फेकायच्या आधी वाचा, सगळे सेट २० चे नसतात. आणि पेशंट कूस बदलला की थेंब बदलतात, लावून विसरायचं काम नाही ते.

पायरी ७: डॉक्टरला फोन

नवीन मुली "सर, तो सात नंबरचा पेशंट बरोबर वाटत नाहीये" असं सांगतात, समोरून "बघतो" येतं आणि फोन ठेवला जातो. बरोबर वाटत नाहीये हे खरं असतं हो, पण ते ऐकणाऱ्यापर्यंत पोचत नाही. एसबार नावाची पद्धत आहे, मूळ अमेरिकन नौदलातली: आत्ता काय चाललंय, पेशंट कोण, मला काय दिसतंय, मला काय हवंय. फोन करण्याआधी केसपेपर, ताजे व्हायटल्स, शुगर आणि चालू औषधं समोर ठेवा, आणि मग असं बोला:

"सर, वॉर्डातून सिस्टर बोलतेय. सात नंबर, ६८ वर्षांचे, न्यूमोनिया, दुसरा दिवस. दुपारी दोनला श्वास २० होता, आता २८ मोजलाय. ऑक्सिजन ९५ वरून ९०, बीपी ९६ बाय ६०, सकाळी नीट बोलत होते आता मुलाला ओळखत नाहीयेत. शुगर १३४. चार तासांत लघवी ६० मिली, नळी तपासली, मोकळी आहे. गुंगीचं काही औषध चालू नाही. मला हे सेप्सिस वाटतंय, तुम्ही आत्ता येऊन बघावं."

(सेप्सिस म्हणजे इन्फेक्शनमुळे शरीराचे अवयवच बिघडायला लागणं.) यात तुमचे दोन्ही प्रश्न आले बघा, काल कसे होते ते आणि औषधाने नाही ते. शेवटचं वाक्य बोलायला पहिल्यांदा जीभ अडते, तरी बोलायचंच. फोनवर ऑर्डर मिळाली तर लिहून घेऊन परत वाचून दाखवा, आकडे सुटे सुटे, "पंधरा, एक-पाच". मग केसपेपरवर फोनची वेळ, कुणाशी बोललात आणि काय ठरलं ते लिहा. १५ मिनिटांत कुणी आलं नाही आणि पेशंट तसाच असेल तर परत फोन, तरी नाही तर इनचार्ज सिस्टरला सांगून वरच्या डॉक्टरला. तोपर्यंत एकीला बेडपाशी उभं करा, आणि श्वास परत मोजा, पूर्ण मिनिट.